सूक्ष्म फरक

आमच्या घरमालकांना एकटी वस्तू सहन होत नसे. त्यांना एक आंबा दिला तर तो हातात घेऊन ते नुसते उभे राहत. दोन दिले की चेहरा फुलायचा. मग ते दोन्ही आंबे टेबलावर शेजारी ठेवायचे, हुंगायचे, लांब जाऊन बघायचे, जागा बदलायचे, आणि तोवर काकू दोन्ही कापून ताटलीत घालून मोकळ्या व्हायच्या.

"एक गोष्ट बघणं म्हणजे बघणंच नव्हे," ते म्हणायचे. "शेजारी दुसरी ठेवा. मग डोळा उघडतो."

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या सोसायटीत त्यांचे दोन फ्लॅट होते, एकाच मजल्यावर, समोरासमोर. एकात काका, काकू आणि त्यांची मुलगी. दुसऱ्यात आम्ही नवराबायको, भाड्याने. दोन फ्लॅट म्हणजे पार्टी मोठी दिसते, असं मला वाटलेलं. तो गैरसमज काकूंनी पहिल्याच आठवड्यात दूर केला.

"मोठी कसली रे! पूर्वेच्या खिडक्यांचा घ्यावा की पश्चिमेच्या, ह्यांचं ठरेना. बिल्डर रडकुंडीला आला. शेवटी गावची जमीन विकली आणि दोन्ही घेतले."

म्हणजे आमच्या डोक्यावरचं छप्पर हे एका न झालेल्या निर्णयाचं अपत्य होतं. त्यामुळे काकांच्या स्वभावाला नावं ठेवण्याचा नैतिक अधिकार आम्हाला नव्हता. तो आम्ही दार लावून वापरायचो.

त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. दोन घड्याळं कधी जुळत नाहीत, त्यामुळे वेळ विचारली की काका "सव्वासात आणि सात-वीसच्या दरम्यान" असं सांगायचे. घरात दोन पेपर यायचे आणि दोन्हींतली एकच बातमी ते शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. सर्दी झाली तरी डॉक्टर दोन. दोघांनी एकच गोळी दिली तर दोघांवरचाही विश्वास उडायचा.

ह्या सगळ्याच्या मुळाशी त्यांची नोकरी होती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लोखंडी कपाटं बनत, आणि त्या कपाटांच्या रंगाची तपासणी काकांकडे. उभी हयात त्यांनी कपाटांच्या दारांकडे बघण्यात घालवली. एक दार पास झालेलं, नमुन्याचं. शेजारी दुसरं, नवं. दोन्हींत केसाएवढा फरक दिसला की काका खडूने फुली मारायचे, आणि ते दार परत जायचं. मालकाचा जावई एकदा "चालवून घ्या" म्हणाला, तर काकांनी जावयाच्या पाठीवर खडूची फुली मारली, असं काकू सांगायच्या. काका ते नाकारायचे, पण खूश होऊन.

कारखाना पुढे बंद पडला, पाडला गेला, आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत मी नोकरीला होतो. हे कळल्यापासून काकांना माझ्याबद्दल वारसदारासारखं काहीतरी वाटायला लागलं. संध्याकाळी जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, आमच्याकडे आता बाहेरून कुठला रंग आहे?"

"काका, काच आहे सगळी."

"काच!" ते निराश व्हायचे. "काचेला कसली आलीय तपासणी? काचेतून पलीकडचंच दिसतं."

तर अशा माणसाने हॉलला रंग काढायचं ठरवलं.

रंगाच्या दुकानातून काकांनी शेड कार्ड आणलं आणि बरेच दिवस त्यावर भिंग धरून बसले. शेवटी दोन रंग निवडले. कार्डावरची नावं त्यांनी फेटाळली. "नावं दिशाभूल करतात." त्यांनी रंगांना 'डावा' आणि 'उजवा' म्हणायचं ठरवलं. टिटवाळ्याहून येणारा एक रंगारी होता, त्याने सोफ्यामागच्या भिंतीवर दाराएवढे दोन पट्टे मारून दिले आणि "साहेब, फोन करा, येतो," म्हणून गेला.

मी आणि बायको ते पट्टे बघायला गेलो. समारंभच होता. काकूंनी चहा ठेवलेला. काकांनी आम्हाला भिंतीसमोर उभं केलं, पंखा बंद केला, का कोण जाणे, आणि म्हणाले, "फरक सूक्ष्म आहे. घाई करू नका."

मी बघितलं. डावा पट्टा दुधावरच्या सायीसारखा पिवळसर होता. उजवा निळा होता. फिकट खरा, पण निळा. धोतराला नीळ जास्त झाली की होतो तसा. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर उभं राहूनही सांगता आला असता, एवढा निळा.

माझ्या बायकोने तोंड उघडलं. पण ती बोलण्याआधीच काकूंनी तिच्या हातात चहाचा कप दिला.

"सूक्ष्म आहे," मी म्हणालो.

"शाब्बास," काका म्हणाले. "तुमच्याकडे नजर आहे."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अरे, एक निळा आहे!"

"आपला करार पुढच्या महिन्यात संपतो," मी म्हणालो. "भाडेकरूला रंग दिसत नसतात."

आमच्या आधी खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना बोलावलं होतं, हे मागाहून कळलं. ते बिचारे सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, "उजवा निळा आहे की हो." त्यावर काका त्यांच्याकडे बराच वेळ करुणेने बघत राहिले आणि म्हणाले, "डोळे दाखवून घ्या. हयगय करू नका." त्यांच्या आवाजात इतका अधिकार होता की सेक्रेटरी खरंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तो डॉक्टरच, त्याने चष्मा दिला. नवा चष्मा लावून सेक्रेटरी पुन्हा भिंत बघून आले आणि म्हणाले, "हो, फरक सूक्ष्म आहे." ही गोष्ट सोसायटीत पसरल्यावर उजव्या पट्ट्याला निळा म्हणणारा कोणी उरला नाही. काकांच्या मुलीने एकदा सांगून पाहिलेलं. "मोबाइल बघून बघून डोळे घालवलेस," असं ऐकल्यावर तिने तो विषय सोडला आणि स्वतःच्या लग्नाचा विषय काढायची हिंमत गोळा करायला लागली.

मग ती भिंत सोसायटीचं देवस्थानच झाली. मीटर बघायला आलेला माणूस, सिलिंडरवाला, गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळी, सगळ्यांना सोफ्यासमोर उभं केलं जाई. आणि माणसं किती चटकन शिकतात! कोणी मान तिरकी करायचं, कोणी एक डोळा मिटायचं. "डाव्याला जरा ऊब आहे," असं कोणी म्हणायचं. "उजवा शांत आहे," असंही एकाने सांगितलं. वर्गणीवाल्यांतला एक तरुण तर "दोन्ही भारी आहेत काका, पण उजव्यात डेप्थ आहे," म्हणाला आणि नेहमीपेक्षा मोठी वर्गणी घेऊन गेला. रंगाऱ्याला फोन केला की तो टिटवाळ्याहून यायचा, दोन्ही पट्ट्यांवर आणखी एक हात मारायचा, "साहेब म्हणतात ते बरोबर" म्हणायचा, मजुरी घ्यायचा आणि जायचा. त्याच्यासाठी ती भिंत म्हणजे पेन्शन होती.

एक गोष्ट मात्र मला दिसायची आणि तिचा अर्थ लागायचा नाही. काका भरदुपारी टॉर्च घेऊन भिंतीसमोर उभे राहायचे. जिन्यात मी समोरून आलो तर "कोण?" म्हणायचे, आणि मी बोललो की लगेच ओळखायचे. बशीत चहा ओतताना थोडा टेबलावर सांडायचा. पांढरा म्हणून जो सदरा ते घालून फिरायचे, तो बराच पिवळा पडलेला असायचा. आम्ही म्हणायचो, विचारात असतात. रंगाच्या विचारात माणूस किती बुडतो, असं आम्ही कौतुकानेही म्हणायचो.

आणि मग मुलीने लग्नाचं सांगितलं. मुलगा ठाण्याजवळच्या कोलशेतचा, तिच्याच ऑफिसमधला. घरची मंडळी तिथली फार जुनी. आधी भातशेती आणि मिठागरं होती, आता त्याच जमिनीवर टॉवर उभे होते आणि त्यातले काही मजले त्यांचे होते. काकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, मुलगा काय करतो. दुसरा, "आणखी कोण बघितलास?"

"आणखी कोणी नाही, बाबा. हाच."

काकांना रात्रभर झोप लागली नाही. जातपात, पैसा, बोली, ह्यातलं काहीही त्यांना खटकलं नव्हतं. शेजारी दुसरा ठेवून न बघताच मुलीने मुलगा पास केला, हे त्यांना झेपत नव्हतं. "नमुना नाही, काही नाही, आणि डायरेक्ट पास!" ते मला म्हणाले. तरी पाहुण्यांना बोलवायचं ठरलं.

त्या रविवारी मी आणि बायको मदतीला गेलो. पोहे, चहा, खुर्च्या. मुलाचे आईवडील मृदू स्वभावाचे, मुलगा घामाघूम, आणि त्यांच्याबरोबर त्याची आजी. ठेंगणी, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, गळ्यात भरपूर सोनं. ती सोफ्यावर बसली नाही. भिंतीसमोर उभी राहिली.

"आरं, ही भिंत अशी का केलीस?" ती काकांना म्हणाली. त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच अरे-तुरे करतात. काकांच्या घरात काकांना कोणी अरे म्हणालेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. "आर्दी पिवली, आर्दी निली?"

मी पोह्यांची ताटली धरून तसाच राहिलो.

"निळी नाही, आजी," काका सावकाश म्हणाले. "दोन्ही एकाच घराण्यातले रंग आहेत. फरक सूक्ष्म आहे."

आजी त्यांच्याजवळ गेली. त्यांची हनुवटी बोटांनी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. गुरांच्या बाजारात बघतात तसं तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"तुला दिसत नाय," ती म्हणाली. "मोतीबिंदू हाय. दोनी डोल्यान. माजा बी आसाच झाला व्हता. सगला पिवला पिवला दिसायचा."

मुलाची आई "आई!" म्हणाली. मुलाचे वडील छताकडे बघायला लागले. काका हनुवटी सोडवून घेऊन मागे सरले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण आवाज तपासनिसाचाच होता.

"तुम्ही सांगा," ते मुलाला म्हणाले. "कसे आहेत रंग?"

बिचारा. त्याने काकांकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "फरक... सूक्ष्म आहे, बाबा."

आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "खोटारड्या! आज सासऱ्याला निला पिवला सांगतंस, उद्या बायकोला काय सांगशील?"

कोणीतरी हसायला हवं होतं. काका माझ्याकडे वळले. मी पोह्यांवरचं खोबरं बघत होतो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, काही विचारलंही नाही, फक्त वाट बघितली. सबंध सोसायटीतून एकाने तरी बोलावं म्हणून माणूस वाट बघतो तशी. मी ती ताटली खाली ठेवली आणि पाणी आणायला आत गेलो.

मी आत असतानाच काकूंचा आवाज ऐकला. मोठा नव्हता.

"निळाच आहे हो. पहिल्या दिवसापासून निळा आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलंत कधी? सिलिंडरवाल्याला विचारलंत."

काका आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ आम्ही सगळे पोहे खात बसलो. एवढ्या शांततेत पोहे खाल्ले की शेंगदाणे फार वाजतात. मुलगी रडवेली झाली होती. मला वाटलं, जुळलेलं मोडलं. आजी मात्र मजेत होती. तिने पोहे मागून घेतले आणि काकूंना सांगितलं, "येल बाहेर. मी बी दोन दिस चुलीम्होरं बसून रडलेली."

काका बाहेर आले तेव्हा त्यांनी दोन्ही घड्याळं काढून ठेवलेली होती. ते मुलाच्या वडिलांसमोर बसले.

"मला शंका होती," ते म्हणाले. "म्हणूनच विचारत होतो सगळ्यांना. सगळे म्हणाले सूक्ष्म आहे. मी म्हटलं, मग आपले डोळे ठीक आहेत." आणि पुढे म्हणाले, "खरं तर एकाने सांगितलं होतं. त्यालाच मी चष्मा लावला. पोरगीही म्हणाली होती, तिला मोबाइलवरून गप्प केलं."

मग ते आजीकडे वळून म्हणाले, "कुठल्या डॉक्टरने केलं तुमचं?"

तिथे लग्न ठरलं. बाकीची बोलणी नावापुरती झाली.

पुढे मी काकूंना एकदा विचारलं, की काकांनी विचारलं नाही हे ठीक, पण तुम्ही आपणहून का नाही बोललात. त्या मटार सोलत होत्या. "सगळं गेलं रे त्यांचं," त्या म्हणाल्या. "कारखाना गेला, हाताखालची माणसं गेली. नजर तेवढी उरलीय असं वाटत होतं त्यांना. ती मी कशी काढून घेऊ?" आणि लगेच म्हणाल्या, "आणि खरं सांगू? एकदाचं कोणीतरी बाहेरचं येऊन बोलेल, ह्याची वाट बघत होते. डोंबिवलीत एक माणूस निघेना!"

ऑपरेशन ठाण्याला झालं, अर्थात दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन. आधी एक डोळा केला. आम्हाला वाटलं, माणूस आता सुधारेल. चार दिवसांनी भेटायला गेलो तर काका भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेले. एका तळहाताने आळीपाळीने डोळे झाकत होते. चेहऱ्यावर आंबे बघतानाचा आनंद.

"ये ये! हे बघ. ह्या नव्या डोळ्याने उजवा निळा. चक्क निळा! जुन्या डोळ्याने साय. नव्याने डावा फिकट पिवळा, जुन्याने हळदीचं दूध." त्यांनी चार बोटं वर केली. "आता चार रंग झाले!"

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ते करूच देईनात. तो झाला की तुलना संपणार. डॉक्टरांनी तारीख दिली, त्यांनी पुढे ढकलली. एकाच डोक्यात खरा नमुना आणि खोटा नमुना शेजारी शेजारी असण्याचं भाग्य किती जणांना लाभतं, असं त्यांचं म्हणणं. लग्न तोंडावर आलेलं, मुलगी हात जोडत होती, काकू हात टेकून बसल्या होत्या. शेवटी कोलशेतहून आजीचा फोन आला. स्पीकरवर होता, त्यामुळे आम्हालाही आमच्या घरात ऐकू आला.

"दुसरा डोला कदी करतंस? का मी येऊ?"

काका दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला गेले.

दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं, म्हणून काकूंनी त्यांना मुक्कामाला आमच्याकडे पाठवलं आणि टिटवाळ्याच्या रंगाऱ्याला बोलावून हॉल रंगवून घेतला. तो दोन्ही पट्टे बघून "साहेबांचं काय ठरलं?" म्हणाला, तर त्याला म्हणे, "साहेबांना धूळ चालत नाही. तू डबा उघड," असं उत्तर मिळालं. रंग काकूंनी निवडलेला होता. कैरीच्या फोडीला आतून असतो तसा फिकट हिरवा. डावा नाही, उजवा नाही.

काका घरी परतले आणि उंबऱ्यात थबकले. आम्ही त्यांच्या मागे.

"हा कुठून आला?"

"मला आवडला," काकू म्हणाल्या.

"शेजारी दुसरा लावून बघितलास?"

"नाही."

त्यांनी हॉलभर नजर फिरवली. नव्या डोळ्यांना सगळंच दिसत होतं. पंख्यावरची धूळ, सोफ्याचा फाटका कोपरा, रंगाऱ्याने स्विचबोर्डावर सांडलेले थेंब. त्या थेंबांवर बोट ठेवून ते रंगाऱ्याच्या नावाने पुटपुटले. मग काकूंकडे बघून म्हणाले, "असू दे. बरा आहे." हे वाक्य ऐकायला काकूंनी किती वर्षं घालवली असतील, कोण जाणे. त्या आत निघून गेल्या आणि स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी वाजत राहिली.

लग्न छान झालं. त्यानंतर आम्ही टिटवाळ्याला स्वतःचं घर घेतलं आणि डोंबिवली सुटली. काकांची भेट झाली ती थेट कोलशेतला, त्यांच्या मुलीच्या घरी, नातीच्या बारशाला. आत बायकांची गर्दी, पाळणा, घुगऱ्या. काका कुठे दिसेनात. शोधत गेलो तर गॅलरीत आजी आणि ते दोन खुर्च्या टाकून बसलेले. आजी बसल्या जागी पेंगत होती. समोर खाडी होती, भरतीची. पाणी मातकट, कडेला चिखल, पलीकडे तिवरांची रांग. काका तिकडे बघत होते.

मी कठड्याला टेकून उभा राहिलो. "काय बघताय, काका?"

"खाडी."

"कशी वाटते?"

त्यांची नजर पाण्यावरच होती. "चांगली आहे," म्हणाले.

"कशापेक्षा?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलायची तीच रीत पडलेली होती मला.

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. चक्क वैतागलेले होते.

"कशापेक्षा म्हणजे काय? चांगली आहे."